शिंजीर पाहण्यासाठी दुर्बीण : निकॉन मोनार्क एम५ ८×४२

दुर्बीण घ्यायला निघालेला माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो : किती लांबचे दिसते? हिवाळ्यात कोल्हापूरच्या रंकाळ्यावर किंवा कळंबा तलावावर बदके पाहायची असतील, तर तो प्रश्न रास्तच आहे. परंतु ज्यांच्या दारात जास्वंद आहे, कुंपणावर घाणेरी फुललेली आहे आणि तिथे दिवसभर ये-जा करणारा शिंजीर ज्यांना नीट पाहायचा आहे, त्यांनी आधी विचारायला हवे ते वेगळेच : किती जवळचे दिसते? निकॉनची मोनार्क एम५ ही ८×४२ (म्हणजे आठपट वर्धन आणि ४२ मिलिमीटर व्यासाचे पुढचे भिंग) दुर्बीण मी मुख्यतः या एकाच पक्षिकुळासाठी वापरतो आणि हे परीक्षणही त्याच कसोटीवर लिहिले आहे. घार-गरुडांसाठी किंवा पाणपक्ष्यांसाठी दुर्बीण शोधणाऱ्यांनी यातली मते जशीच्या तशी घेऊ नयेत; त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत.

शिंजीर म्हणजेच सूर्यपक्षी. आफ्रिका, दक्षिण आशिया आणि पुढे ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उष्ण प्रदेशांत या कुळाच्या १४० हून अधिक जाती आहेत. फुलासमोर पंख फडफडवणारा इवलासा चमकदार पक्षी पाहून अनेक जण त्याला हमिंगबर्ड म्हणतात, पण हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर कुठेही आढळत नाहीत. त्यांचा आणि शिंजिरांचा जवळचा काहीही संबंध नाही. मकरंदावर जगण्याच्या सवयीने दोघांना बाकदार किंवा लांब चोच आणि चमकदार पिसे स्वतंत्रपणे मिळाली आहेत. एक फरक तर कोणालाही दिसण्यासारखा आहे. हमिंगबर्ड हवेत एका जागी स्थिर राहून मकरंद पितो, तर शिंजीर शक्य तोवर देठावर किंवा फांदीवर बसूनच पितो आणि बसायला जागाच नसली तर तेवढ्यापुरता हवेत तरंगतो. कोल्हापूर शहरात दोन जाती सहज दिसतात : जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर. दोन्ही चिमणीहून लहान, लांबीला सुमारे १० सेंटिमीटर आणि वजनाला जेमतेम १० ग्रॅमच्या आतबाहेर. शिवाजी विद्यापीठाचा परिसर, टाउन हॉलची बाग, पन्हाळ्यावरचे तबक उद्यान, किंबहुना फुलझाडे असलेली कोणतीही गल्ली त्यांना चालते. म्हणजे पक्षी दुर्मीळ नाही, दूरही नाही. अडचण आहे ती त्याच्या आकाराची, चपळाईची आणि रंगाची.

या दुर्बिणीतून कमीत कमी २.५ मीटर अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते. जाहिरातीत हा आकडा सहसा कोपऱ्यात असतो, पण शिंजिराच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे. माझ्याकडे पूर्वी असलेली एक १०×५० दुर्बीण लांबचे उत्तम दाखवत असे. मात्र अंगणातल्या जास्वंदीवर पक्षी आला की मला चार पावले मागे घरात सरकावे लागे आणि तेवढ्यात तो उडून जाई. एम५ घेऊन खिडकीत उभे राहिले, तरी अडीच मीटरवरचे फूल काठोकाठ स्वच्छ दिसते आणि आठपट वर्धनामुळे ते जणू एका फुटावरून पाहिल्यासारखे वाटते. इतक्या जवळून पाहिल्यावर जास्वंदीवर काय चालते ते प्रथम नीट कळते. नर पाकळ्यांच्या समोरून आत शिरत नाही. तो देठावर तिरका बसतो, मान वळवतो आणि फुलाच्या बुडाशी, हिरव्या निदलपुंजाच्या अगदी वर, चोचीने बारीक छिद्र पाडून तिथूनच मकरंद ओढतो. परागांच्या दांड्याला त्याचा स्पर्शही होत नाही, म्हणजे फुलाला या भेटीतून काहीच मिळत नाही. चोच बाहेर आली की कधी कधी दोऱ्यासारखी जीभ पळभर तशीच बाहेर राहते. ही जीभ नळीसारखी गुंडाळलेली असते आणि तिचे टोक दुभंगलेले असते. टोकाची दुभंग मात्र या दुर्बिणीतून दिसत नाही आणि दिसेल अशी अपेक्षा ठेवणेही योग्य नाही.

हाच पक्षी प्रत्येक झाडाशी असा वागतो असे मुळीच नाही. आंब्याच्या फांद्यांवर वाढणारे बांडगूळ बागायतदारांच्या रोषाचे धनी असते, पण शिंजीर पाहायला त्याच्यासारखी जागा नाही. बांडगुळाची पिकलेली कळी आपणहून पूर्ण उमलत नाही. शिंजीर किंवा फुलटोच्या हा दुसरा इवलासा पक्षी तिला चोचीने दाबतो तेव्हा ती फटकन उघडते आणि पराग पक्ष्याच्या तोंडावर उडतात. पुढच्या फुलावर जाताना तो ते पराग सोबत नेतो. नंतर फळे धरली की फुलटोच्या ती खातो आणि चिकट बिया दुसऱ्या फांद्यांवर नेऊन टाकतो. एकाने परागीभवन करायचे आणि दुसऱ्याने बीजप्रसार करायचा, ही विभागणी एकाच झाडाखाली उभे राहून पाहता येते. आंब्याची फांदी डोक्यावर चार-पाच मीटर उंच असते, आणि त्या अंतरावर या दुर्बिणीतून कपाळाच्या पिसांवर सांडलेली परागांची पूड ओळखू येते. माझ्या मते या दुर्बिणीची किंमत इथेच वसूल होते.

दृष्टिक्षेत्राविषयी मात्र स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण या दुर्बिणीची मर्यादा तिथे आहे. एम५ ८×४२ चे दृष्टिक्षेत्र ६.४ अंश आहे, म्हणजे १,००० मीटरवर ११२ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. आपल्या उपयोगाच्या भाषेत सांगायचे तर पाच मीटरवर सुमारे ५६ सेंटिमीटरचे वर्तुळ. शिंजीर एका फुलावरून दुसऱ्यावर जाताना एवढे अंतर सहज ओलांडतो. याच किमतीच्या आसपास ७.५ अंशांचे दृष्टिक्षेत्र देणाऱ्या ८×४२ दुर्बिणी मिळतात, आणि सतत हलणाऱ्या छोट्या पक्ष्याच्या मागे फिरताना हा एक अंश चांगलाच जाणवतो. याच मालिकेतली १०×४२ घेतली तर दृष्टिक्षेत्र ५.६ अंशांवर येते आणि हातांचा कंपही दहापट दिसतो. म्हणून शिंजिरासाठी दहाच्या मोहात पडू नये, असा माझा आग्रह आहे. बाजारात भिंगावर भलेमोठे वर्धन छापलेल्या किंवा झूम होणाऱ्या स्वस्त दुर्बिणी मिळतात, त्यांचा तर या कामी विचारच करू नये. अरुंद क्षेत्रावरचा उपाय सरावाचा आहे : पक्षी ज्या फुलांच्या गुच्छावर पुन्हापुन्हा येतो, त्या गुच्छावर आधीच फोकस करून ठेवावा, आणि पक्षी आला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी उचलावी. फोकसचे चाक मऊ फिरते आणि हातमोजे घातले तरी बोटाला सापडते. कोल्हापुरात त्याची गरज पडत नाही, पण जानेवारीतल्या पहाटे आंबा घाटात पडू शकते.

आता रंग. जांभळ्या शिंजिराचा नर सावलीत पूर्ण काळा दिसतो, आणि बरेच लोक त्याला काळी चिमणी समजून सोडून देतात. त्याच्या पिसांत जांभळे रंगद्रव्य नसतेच. पिसांच्या अतिसूक्ष्म शाखांमध्ये मेलॅनिन या गडद रंगद्रव्याचे कण शिस्तीत थर लावून मांडलेले असतात आणि त्या थरांवरून परत येणारा प्रकाश एकमेकांत मिसळून निळा, जांभळा किंवा हिरवा रंग तयार होतो. पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या तवंगावर जसे रंग दिसतात, तसाच हा प्रकार आहे. पाहण्याचा कोन बदलला की रंग बदलतो. म्हणून सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशी असला तरच नराचे डोके, गळा आणि पाठ उजळतात. सकाळी आठ-साडेआठच्या उन्हात पक्षी मान वळवतो तेव्हा निळसर झाक गळ्यावरून छातीकडे धावत जाते आणि पुढच्याच क्षणी विझते. दुर्बीण कितीही महाग असली, तरी चुकीच्या बाजूला उभे राहिलात तर ती हा रंग दाखवू शकत नाही.

काचेचा कस इथेच लागतो. साध्या काचेच्या दुर्बिणीत उजळ आकाशासमोर बसलेल्या गडद पक्ष्याच्या कडेने जांभळट किंवा हिरवट रेघ दिसते. ती भिंगाची त्रुटी असते, कारण वेगवेगळ्या रंगांचे किरण एकाच ठिकाणी एकत्र येत नाहीत. कावळा किंवा कोतवाल पाहताना ही रेघ फारशी खटकत नाही. परंतु ज्याचा खरा रंगच जांभळा आहे, त्या पक्ष्याभोवती खोटा जांभळा उमटला तर आपण नेमके काय पाहतो आहोत हेच कळेनासे होते. एम५ मध्ये ईडी काच, म्हणजे रंगांचे किरण कमी फाकवणारी काच, वापरलेली आहे; तिच्यामुळे ही त्रुटी बरीच आटोक्यात राहते. दुपारच्या पांढऱ्या आकाशासमोर, पर्णहीन काटेसावरीच्या शेंड्यावर बसलेला नर पाहताना वर्तुळाच्या मध्यभागी मला अशी रेघ जवळजवळ जाणवत नाही. अगदी कडेला पक्षी गेला तर थोडी दिसते. पिवळ्या रंगाची गोष्ट निराळी आहे. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचे पोट पिवळे असते, आणि तो पिवळा कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांचा असतो. ही द्रव्ये पक्ष्याचे शरीर तयार करत नाही, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. हा पिवळा कोणत्याही कोनातून पिवळाच दिसतो. त्यामुळे दुर्बिणीची रंगांची पारख करायची असेल तर याच जातीचा नर उत्तम : माथ्यावर धातूसारखी हिरवी चमक, गळ्यावर आणि पाठीच्या खालच्या भागावर जांभळी, पाठ आणि छातीवरचा पट्टा गडद तांबूस, आणि खाली साधा लख्ख पिवळा. एम५ मधून पिवळा पिवळाच राहतो आणि तांबूस पट्टा काळ्यात मिसळत नाही.

रंग नसलेल्या पक्ष्यांकडे बहुतेक परीक्षणे लक्ष देत नाहीत, पण दुर्बीण खरी उपयोगी पडते ती तिथेच. जांभळ्या शिंजिराच्या नराची विणीनंतर, साधारण सप्टेंबर ते डिसेंबर या काळात, चमकदार पिसे झडतात आणि तो मादीसारखा ऑलिव्ह-पिवळा होतो. हनुवटीपासून पोटापर्यंत उतरणारी एक गडद रेघ तेवढी नराची खूण म्हणून उरते. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचा नर असा वेश बदलत नाही, तो वर्षभर रंगीतच असतो. दोन्ही जातींच्या माद्या वेगळ्या ओळखायच्या तर गळा पाहावा. जांभळ्या शिंजिराच्या मादीचा गळा पोटासारखाच पिवळसर असतो, तर दुसरीचा गळा पांढुरका आणि त्याखाली छाती पिवळी. पानाआड दोन सेकंद बसलेल्या एवढ्याशा पक्ष्याच्या गळ्याचा रंग नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही, आणि या दुर्बिणीतून ठरवता येतो. विणीच्या दिवसांत नर मादीसमोर पंख किंचित उघडून काखेतले पिवळे-शेंदरी तुरे दाखवतो, तेही पाहण्याजोगे आहेत. याच दिवसांत तो गाडीच्या आरशातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून तासन्‌तास टोचत राहतो. आरशावर कापडी पिशवी चढवली की त्याची दमछाक थांबते.

शहर सोडून पश्चिमेला घाटाकडे गेले की गणित बदलते. आंबा घाटात आणि राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात विगर्सचा शिंजीर भेटतो. हा पक्षी पश्चिम घाटाचा स्वतःचा आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. विल्यम हेन्री सायक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची नोंद प्रसिद्ध करताना त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीचे पहिले सचिव निकोलस विगर्स यांचे नाव त्याला दिले. पश्चिम घाटाचाच आणखी एक रहिवासी, चिमुकला छोटा शिंजीर, यालाही त्याच वर्षी सायक्सनेच नाव दिले. हिमालयात आणि ईशान्येकडे दिसणाऱ्या किरमिजी शिंजिराची उपजात म्हणून विगर्सच्या शिंजिराकडे बराच काळ पाहिले जात होते. आता तो स्वतंत्र जात मानला जातो. नराचा गळा आणि छाती लालभडक असते आणि त्या लालावर बारीक पिवळ्या रेघोट्या असतात. या रेघोट्या हीच त्याची ओळख, आणि त्या दिसल्या पाहिजेत.

अडचण अशी की त्या दिसायला लागतो प्रकाश, आणि दाजीपूरच्या सदाहरित झाडीत तोच नसतो. इथे ४२ या आकड्याचे महत्त्व कळते. पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर आणि वर्धन ८, म्हणजे डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी साधारण ५.२ मिलिमीटर. दाट सावलीत आपल्या डोळ्याची बाहुली जेवढी विस्फारते, तिला हा झोत पुरून उरतो. धायटीच्या लालसर फुलांवर किंवा पांगाऱ्याच्या फांदीवर, सकाळी धुके असतानाही, छातीवरच्या रेघोट्या या दुर्बिणीतून मोजता येतील इतक्या सुट्या दिसतात. छोटा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर एकाच झाडावर आले तर आकारातला फरक आणि पाठीचा किरमिजी रंग यावरून ते वेगळे करता येतात. लोटेनचा शिंजीर मात्र जांभळ्या शिंजिरापासून ओळखायचा तर चोच बाजूनेच दिसायला हवी. ती अधिक लांब आणि अधिक बाकदार असते. तिथे कोणतीही दुर्बीण मदत करत नाही, पक्षी वळेपर्यंत थांबावेच लागते.

घरट्यांबद्दल एक सूचना करावीशी वाटते. शिंजिराचे घरटे फांदीच्या टोकाला, कधी विजेच्या तारेला किंवा ओसरीतल्या वेलीला लोंबकळते. कोळ्याच्या जाळ्यांनी एकत्र बांधलेले गवत, सालीचे तुकडे, सुकी पाने, अळ्यांची विष्ठा असे काहीही त्यात असते, त्यामुळे ते लटकलेल्या कचऱ्यासारखे दिसते आणि लक्षात येत नाही. प्रवेशद्वार बाजूला असते आणि त्यावर पुढे आलेले लहानसे छप्पर असते. घरटे बहुतांशी मादीच बांधते आणि अंडीही तीच उबवते. पिल्लांना भरवायला नर मदत करतो, आणि त्या वेळी मकरंदापेक्षा किडे आणि कोळी यांचीच ने-आण अधिक चालते. दुर्बीण अडीच मीटरवर फोकस होते म्हणून घरट्यापाशी अडीच मीटरवर जाऊन उभे राहणे अत्यंत चुकीचे आहे. दहा मीटरवर खुर्ची टाकून बसले तरी आठपट वर्धनाने घरटे सव्वा मीटरवर असल्यासारखे दिसते आणि मादी बिनदिक्कत ये-जा करते. मोबाईलवर फोटो काढण्यासाठी फांदी वाकवणाऱ्या हौशी मंडळींनी हे एकदा करून पाहावे.

दुर्बिणीच्या बांधणीविषयी थोडक्यात. वजन ६३० ग्रॅम आहे. ते गळ्यातल्या पट्ट्यावर दोन-तीन तास जाणवत नाही, पण राधानगरीत दिवसभर चालायचे असेल तर खांद्यांवर भार वाटून देणारा हार्नेस वेगळा घ्यावा. डोळ्यापासून भिंगाचे अंतर १९.५ मिलिमीटर चालते, त्यामुळे चष्मा न काढता पूर्ण वर्तुळ दिसते, आणि चष्मेवाल्यांनी रबरी आयकप खाली बसवूनच वापरावी. आत नायट्रोजन भरलेला असल्याने आतल्या बाजूने वाफ धरत नाही आणि पावसाच्या सरीने बिघडत नाही. आपल्याकडे जूनपासून चार महिने हवेत जो ओलावा असतो, विशेषतः घाटमाथ्यावर, त्यात हा गुण मला अत्यावश्यक वाटतो. तरीही वापरानंतर पुसून, उघड्यावर सुकवूनच ती ठेवावी. बंद चामडी पिशवीत आणि कपाटात ओली ठेवली तर भिंगांच्या बाहेरच्या लेपावर बुरशी धरू शकते.

खर्च एका चांगल्या स्मार्टफोनइतका येतो, त्यामुळे घेण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांना लावून पाहणे गरजेचे आहे. ऑनलाइन घेतली तर परत करण्याची मुदत तपासून घ्यावी आणि पहिल्याच दिवशी उजव्या बाजूचे डायऑप्टर (दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारे कडे) आपल्या नजरेप्रमाणे लावून घ्यावे, नाहीतर दोष नसलेली दुर्बीणही धूसर वाटते. ज्यांचे निरीक्षण घराचे अंगण, विद्यापीठ आणि टाउन हॉलची बाग एवढ्यापुरतेच आहे, त्यांनी त्याच कंपनीची एम७ ८×३० आधी पाहावी, असे मी सुचवेन : दृष्टिक्षेत्र ८.३ अंश, कमीत कमी अंतर २ मीटर आणि वजनही कमी, म्हणजे भर उन्हातल्या जास्वंदीवरच्या शिंजिरासाठी ती एम५ पेक्षा सरस ठरते. मात्र तिच्या प्रकाशझोताची रुंदी ३.७५ मिलिमीटरच आहे. विगर्सच्या शिंजिरासाठी दाजीपूरच्या सावलीत पहाटे उभे राहण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी ८×४२ च घ्यावी.